धोत्रा : दारातले उपविष आणि वैद्याची जबाबदारी

वत्सनाभ, कुपीलु, जयपाल, भल्लातक यांपैकी कोणतेही नाव निघाले की वैद्याचा हात आपोआप आखडतो. मात्रा पुन्हा एकदा मनाशी ताडून पाहिली जाते, शोधन झाले आहे की नाही याची चौकशी होते, डबी वेगळ्या फळीवर ठेवली जाते. धत्तूराच्या वाट्याला मात्र हा धाक येत नाही. रसतरंगिणीकारांनी ज्या अकरा उपविषांची गणना केली आहे त्यांत धत्तूराचे स्थान पक्के आहे. तरीही व्यवहारात आपण त्याला तुळस-अडुळशाच्या पंक्तीत बसवून टाकले आहे. कारण शोधू गेल्यास ते फार दूर नाही. वत्सनाभ हिमालयातून येतो, त्याला मोल पडते. धोत्रा दारात उगवतो आणि फुकट मिळतो. फुकट मिळणाऱ्या वस्तूचे भय माणसाला वाटत नाही.

आमच्या नेकनूर परिसरात तर त्याला तोटाच नाही. मांजरसुंब्याहून केजकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही कडा, गावठाणातील उकिरडे, पडक्या वाड्यांची आवारे, गायराने, सोयाबीन आणि कापसाच्या शेतांचे बांध, जेथे म्हणून माती उकरलेली आहे तेथे पहिल्या पावसानंतर धोत्रा हजर होतो. त्याच्या उग्र वासामुळे शेळी-गाईही सहसा त्याला तोंड लावीत नाहीत. त्यामुळे दुष्काळी वर्षातही भोवतालचे सारे रान ओसाड झाले असता तो तेवढा हिरवागार उभा असतो. श्रावणी सोमवारी आणि महाशिवरात्रीला त्याची फुले-फळे महादेवाला वाहिली जातात. परळीच्या वैजनाथापासून बीडच्या कंकालेश्वरापर्यंत बेलाच्या पानाशेजारी धोत्र्याचे फळ दिसणारच. गणेशचतुर्थीच्या एकवीस पत्रींतही त्याचा समावेश आहे. देवाला प्रिय, रानात मुबलक आणि शास्त्रात मान्य अशा या वनस्पतीविषयी सावधगिरीचे चार शब्द लिहावेत असे आम्हांस का वाटले, ते पुढील प्रसंगावरून ध्यानात येईल.

श्रावणातील एक सायंकाळ

चार वर्षांपूर्वी श्रावणातल्या एका सोमवारी, दिवेलागणीच्या सुमारास, सहा-सात वर्षांच्या एका मुलाला त्याची आजी आणि चुलते आमच्या चिकित्सालयात घेऊन आले. मुलगा दुपारपर्यंत खेळत होता. मग एकाएकी असंबद्ध बडबडू लागला, आईला ओळखेना, चालताना झोकांड्या देऊ लागला. घरच्यांनी बाहेरवासा झाला असे ठरवून त्याला आधी देवऋष्याकडे नेले. तेथे अंगारा लावण्यात आणि लिंबू उतरविण्यात दोन तास गेले. मधल्या काळात कोणीतरी मिठाचे पाणी पाजून ओकारी काढण्याचाही प्रयत्न केला होता.

आम्ही पाहिले तेव्हा मुलाचा चेहरा लालबुंद होता, अंग तापलेले होते, परंतु घामाचा थेंब नव्हता. जीभ लाकडासारखी कोरडी पडली होती. नाडी अतिशय द्रुत होती. मुलगा हवेतून काहीतरी वेचावे तशी बोटे हालवीत होता आणि अंगावरच्या शर्टाचे अदृश्य धागे ओढीत होता. कंदिलाऐवजी आता विजेरीचा प्रकाश असतो एवढाच फरक. बाकी हे चित्र जुन्या विषवैद्यांनी पाहिले तेच होते. विजेरीचा झोत टाकला तरी बाहुल्या आकसेनात. बुबुळाची कड तेवढी बारीक रेषेसारखी उरली होती. आजीला विचारले, "मावशी, लेकरानं काय खाल्लं?" त्या म्हणाल्या, "कायबी नाही, डॉक्टर. देवळातच होतं दिवसभर." देवळात म्हटल्यावर उलगडा झाला. वाहिलेली फळे फोडून मुले खेळली होती आणि आतल्या बिया कोणीतरी 'तीळ' म्हणून चघळून पाहिल्या होत्या.

आम्ही त्या मुलाला कोणतेही औषध दिले नाही. त्याला कुशीवर निजविले, तोंडाने काहीही देण्यास सक्त मनाई केली, गाडी बोलाविली आणि बीडच्या जिल्हा रुग्णालयातील डॉक्टरांच्या नावे एका चिठ्ठीवर पाच ओळी लिहून दिल्या : धोत्र्याच्या बियांचा संशय, सेवनाची अंदाजे वेळ, बाहुल्यांची स्थिती, नाडी, ताप. मुलगा वाचला. तिसऱ्या दिवशी घरी आला तेव्हाही वाचताना त्याला अक्षरे धूसरच दिसत होती. बाहुल्या पूर्ववत व्हायला आणखी काही दिवस लागले.

या प्रसंगात वैद्यकीय चमत्कार काही नाही. तरीही आम्ही तो सविस्तर सांगितला, कारण त्या दोन-तीन तासांत त्या मुलाभोवती असलेल्या मोठ्या माणसांपैकी एकालाही लक्षणे आणि झाड यांचा संबंध जोडता आला नाही. आपल्या शास्त्राने ज्या वनस्पतीला 'उन्मत्त' हेच नाव दिले तिच्यामुळे झालेला उन्माद ओळखण्याचे काम खेड्यात आपल्यावाचून कोण करणार?

ओळखीचा घोळ

धोत्रा हा कंटकारी कुलातला. वांगे, मिरची, बटाटा, तंबाखू, अश्वगंधा, काकमाची, डोरली हे सारे त्याचे भाऊबंद. संस्कृतातील धत्तूर आणि देशी भाषांतील तत्सम नावांवरूनच लिनियसने 1753 साली या वर्गाला 'डटुरा' हे नाव दिले. आयुर्वेदीय औषधिकोशात धत्तूर म्हणून 'डटुरा मेटेल' ही जात ग्राह्य धरलेली आहे. परंतु आपण रस्त्यावरून उपटून आणतो ते झाड तीच जात असते काय? या प्रश्नाचे उत्तर बहुधा 'नाही' असे येते.

मेटेलचे झुडूप जवळजवळ रोमरहित असते. फूल कर्ण्यासारखे, पांढरे अथवा जांभळे. जांभळ्या फुलाच्या प्रकाराला आपण काळा धोत्रा म्हणतो, तो काही वेळा दुहेरी-तिहेरी पाकळ्यांचाही असतो, आणि निघंटूंत कृष्णपुष्पाचीच थोरवी गायिली आहे. त्याचे फळ खाली झुकलेले असून त्यावर लांब काट्यांऐवजी आखूड, बोथट गाठी असतात. दुसरी जात 'डटुरा इनॉक्सिया'. तिच्या सर्वांगावर मऊ लव असते, त्यामुळे झाडाला राखी छटा येते. फळ तिचेही झुकलेलेच, परंतु त्यावर बारीक, लांब काटे दाट असतात. तिसरी 'डटुरा स्ट्रॅमोनियम'. हिचे फळ देठावर ताठ उभे असते आणि पिकल्यावर चार सरळ शकलांत फुटते. पहिल्या दोहोंच्या बिया पिवळसर तपकिरी, तर तिसरीच्या काळपट. नेकनूरच्या आसपास आमच्या पाहण्यात जी झाडे येतात त्यांत लवदार, लांब काट्यांची इनॉक्सियाच अधिक आहे. ही मूळची अमेरिकेतली. विषारी तिन्ही जाती आहेत. परंतु त्यांतील द्रव्यांचे परस्पर प्रमाण सारखे नाही. ग्रंथोक्त मात्रा एका जातीची आणि खलात पडलेली वनस्पती दुसऱ्या जातीची, असे होत असेल तर मात्रेच्या अचूकतेला अर्थ काय उरला?

बियांची ओळख हा आणखी महत्त्वाचा भाग. धोत्र्याचे बी आणि मिरचीचे बी यांतील भेद न्यायवैद्यकाच्या पुस्तकात आपण सर्वांनी परीक्षेपुरता पाठ केलेला आहे. तो दुकानाच्या गल्ल्यामागे चिकटवून ठेवावा अशा योग्यतेचा आहे. मिरचीचे बी गोलसर, पातळ, फिकट पिवळे व चवीला तिखट. धोत्र्याचे बी किंचित मोठे, मूत्रपिंडाच्या आकाराचे, जाड, कडेला दुहेरी कंगोरा असलेले आणि चवीला कडवट. बी उभे चिरून भिंगाखाली पाहिले असता मिरचीचा अंकुर नाभीपाशी आत वळलेला दिसतो, धोत्र्याचा बाहेर. (चव घेऊन परीक्षा करण्याचा मोह मात्र कोणी करू नये.)

हा भेद केवळ विषप्रयोगाच्या खटल्यांपुरता उरलेला नाही. 2019 साली युगांडात मदत म्हणून वाटलेल्या मका-सोयाबीनच्या पौष्टिक पिठात धोत्रावर्गीय बियांतील विषद्रव्ये आढळली. सुमारे 300 माणसे आजारी पडली आणि 5 दगावली. 2022 च्या डिसेंबरात ऑस्ट्रेलियात पालकाच्या पिकात हे तण मिसळल्याने अनेकांना भ्रम आणि दृष्टिदोष झाला. युरोपीय संघाने 2021 साली धान्यपदार्थांतील या द्रव्यांच्या मर्यादा कायद्याने अधिक कडक केल्या. आपला जिल्हा सोयाबीनचा आहे, आणि सोयाबीनच्या तासात धोत्रा उभा असलेला आपण दरवर्षी पाहतो. मळणीपूर्वी तो उपटून टाका एवढे सांगण्यासाठी कोणत्याही पदवीची गरज नाही. परंतु पदवीधराने सांगितले तर शेतकरी ऐकतो.

विष तेच, औषधही तेच

धोत्र्याच्या मूळ, पान, फूल, फळ, बी या सर्व अंगांत हायोसायमीन, ॲट्रोपीन व हायोसीन ही द्रव्ये असतात. मज्जातंतूंच्या टोकाशी ॲसिटिलकोलीनचे जे कार्य चालते ते ही द्रव्ये रोखून धरतात. म्हणून लाळ, घाम, श्वासमार्गातील स्राव आटतात, आतड्याची व मूत्राशयाची गती मंदावते, बाहुली विस्फारते, हृदयाची गती वाढते, आणि मेंदूवर परिणाम होऊन भ्रम, प्रलाप, शेवटी मूर्च्छा येते. गुण आणि दोष येथे वेगळे नाहीत. श्वासनलिकेचा संकोच सोडविणारी जी शक्ती, तीच मूत्र अडविणारी शक्ती. फरक केवळ मात्रेचा आणि रुग्णाचा.

या शक्तीची ओळख आपल्या पूर्वसूरींना उत्तम होती. सुश्रुताने कल्पस्थानात अलर्कविषाच्या चिकित्सेत धत्तूर योजिला आहे (आज श्वानदंशावर प्रतिबंधक लस हाच मार्ग, हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे). भैषज्यरत्नावलीतील कनकासव श्वासरोगावर अद्याप वापरला जातो. सूतशेखर आणि नारदीय लक्ष्मीविलास यांत धत्तूरबीज आहे. त्रिभुवनकीर्तीस धत्तूरस्वरसाची भावना आहे. दम्यावर धत्तूराची पाने ओढण्याची आपली पद्धत मद्रासेतील कंपनी सरकारच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी पाहिली आणि 1802 च्या सुमारास ती इंग्लंडात पोचली. पुढे शतकभराहून अधिक काळ पाश्चात्त्य देशांत दम्याच्या सिगारेटी याच वर्गातील पानांपासून बनत होत्या. आज छातीरोगतज्ज्ञ ज्या इप्रॅट्रोपियम आणि टायोट्रोपियम यांच्या फवाऱ्या देतात ती द्रव्ये याच कुळीच्या रसायनांवरून घडविलेली आहेत. तेव्हा धोत्र्याला अंधश्रद्धेच्या खात्यात टाकणाऱ्यांचे म्हणणे आम्हांस मान्य नाही. उलट आमचे म्हणणे असे, की जे द्रव्य इतके समर्थ आहे ते इतक्या बेफिकिरीने हाताळणे हाच शास्त्राचा अवमान आहे.

शोधन हे कर्मकांड नव्हे

धत्तूरबीज चार याम गोमूत्रात भिजवावे, नंतर कुटून निस्तुष करावे, असा रसग्रंथांचा दंडक आहे. दोलायंत्रात गोदुग्धात स्वेदन करण्याचीही परंपरा आहे. या संस्कारांनी विषद्रव्यांचा काही अंश द्रवात उतरतो, काही विघटित होतो आणि बीजाची तीव्रता घटते. 'घटते' हा शब्द आम्ही जाणीवपूर्वक योजीत आहोत. शोधनाने धत्तूराचे विषत्व संपत नाही. संपले असते तर औषधी गुणही संपला असता. शुद्ध धत्तूरबीजाची मात्रा औषधिकोशाने 30 ते 60 मिलिग्रॅम सांगितली आहे ती याचसाठी. दोन बोटांच्या चिमटीत येणारे चूर्ण या मात्रेच्या कितीतरी पट भरते. न्यायवैद्यकाच्या ग्रंथांत शंभर ते सव्वाशे कुटलेल्या बिया मारक सांगितल्या आहेत आणि एका फळातच शंभराहून अधिक बिया असतात. म्हणजे देवापुढे ठेवलेले एक फळ, तत्त्वतः, एका माणसाचा जीव आहे. बालक आणि वृद्ध यांना तर याहून कमीही पुरेल.

प्रश्न असा, की आपल्यापैकी किती जण शोधनाची नोंद ठेवतात? बीज कोठून आले, कोणत्या जातीचे, वजन किती, गोमूत्र किती बदलले, स्वेदन किती वेळ, उरलेल्या द्रवाची विल्हेवाट कशी लावली? उत्पादकांना नियमावलीप्रमाणे हे लिहून ठेवावे लागते. स्वतःच्या रुग्णांसाठी औषध बनविणाऱ्या वैद्याला कायद्याने उत्पादन-परवान्यातून सूट दिली आहे. ही सूट म्हणजे आपल्या विवेकावर टाकलेला विश्वास आहे. तो विश्वास वहीतल्या चार ओळींनी राखला जाणार नसेल तर सूट किती काळ टिकेल, याचा विचार आपण करावा.

आणि शोधन बीजाचे होते. झाडपाल्याच्या नावाखाली दिल्या जाणाऱ्या ओल्या पानाचे काय? सांधा सुजला की गरम पान बांधणे, उवा झाल्या की पानांचा रस डोक्याला चोळणे, हे प्रयोग आमच्या भागात घरोघर चालतात. मोठ्या माणसाच्या अखंड त्वचेवर थोडा वेळ बांधलेल्या पानाने सहसा अपाय होत नाही. परंतु लहान मुलाच्या खरचटलेल्या टाळूवर चोळलेला रस अंगात भिनू शकतो. पाने वाटणाऱ्याने तोच हात डोळ्याला लावला तर एकाच डोळ्याची बाहुली विस्फारते, आणि रुग्णालयात गेल्यास मेंदूत रक्तस्राव झाल्याचा संशय घेतला जातो. आपल्या परिचारकांना हातमोजे देण्याची आणि हात धुण्याची ताकीद देण्याची आवश्यकता येथे आहे.

आमची एक चूक

दुसऱ्याला उपदेश करण्यापूर्वी स्वतःचे सांगावे हे बरे. व्यवसायास आरंभ करून फार वर्षे झाली नव्हती तेव्हाची गोष्ट. सत्तरीतले एक गृहस्थ तमकश्वासासाठी आमच्याकडे येत. लक्षणे पाहून आम्ही कनकासव दिला, जोडीला धत्तूरबीजयुक्त एक रसकल्पही दिला. दोन दिवसांत धाप कमी झाली. त्यांनी बाटलीचे बूच मापून घेण्याऐवजी 'गुण येतोय' म्हणून घोट वाढविला. चौथ्या दिवशी रात्री त्यांचा मुलगा आमचे दार ठोठावीत आला. वडिलांना सकाळपासून लघवी झाली नव्हती, ओटीपोट दगडासारखे झाले होते आणि ते रात्रभर कोणाशी तरी बोलत होते. मूत्राशयात नळी घालावी लागली तेव्हा ते शांत झाले.

त्यांना पौरुषग्रंथीची वाढ होती. आम्ही विचारलेच नव्हते. झोपेसाठी ते एका गोळीचा अर्धा तुकडा घेत. ती गोळीही लाळ-मूत्र अडविणाऱ्या जातीचीच होती. तेही आम्ही विचारले नव्हते. आमची मात्रा ग्रंथात बसणारी होती. परंतु रुग्ण ग्रंथात बसणारा नव्हता. त्या कुटुंबाने आम्हांस एका शब्दाने दूषण दिले नाही, आणि म्हणूनच ती रात्र आजही विसरता येत नाही. तेव्हापासून धत्तूरयुक्त कल्प लिहिण्यापूर्वी आम्ही पाच प्रश्न विचारल्यावाचून कागदाला पेन लावीत नाही : लघवीला वेळ लागतो काय, काचबिंदू आहे काय, छातीत धडधड होते काय, बद्धकोष्ठ तीव्र आहे काय, आणि दुसऱ्या डॉक्टरांच्या कोणत्या गोळ्या-फवारे चालू आहेत. शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. कंपवाताच्या, नैराश्याच्या, पोटातील मुरड्याच्या, सर्दीच्या अनेक प्रचलित गोळ्या आणि दम्याचे काही फवारे धत्तूराच्याच दिशेने काम करतात. एकावर एक अशा तीन अल्प मात्रा मिळून एक मोठी मात्रा होते.

कायदा आणि गल्ला

औषधे व प्रसाधने नियमावलीच्या अनुसूची 'ई-1' मध्ये धत्तूराची नोंद आहे. नियम 161 नुसार अशा द्रव्यापासून बनविलेल्या पोटात घेण्याच्या औषधाच्या वेष्टनावर 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' अशा अर्थाची सूचना इंग्रजी व हिंदीत ठळक छापावी लागते. बाटलीवर ती असते; वाचतो कोण? आयुर्वेदीय औषधांच्या किरकोळ विक्रीस परवाना लागत नाही, त्यामुळे देखरेख करणारा वैद्य आणि बाटली देणारा दुकानदार यांची गाठ पडतेच असे नाही. 2022 साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने संगणकावरून माल विकणाऱ्या कंपन्यांना असे बजावले, की अनुसूची ई-1 मधील द्रव्ये असलेली औषधे नोंदणीकृत वैद्याची चिठ्ठी घेतल्यावाचून विकू नयेत. म्हणजे दूरच्या शहरातून मोबाइलवर मागविणाऱ्याला चिठ्ठी दाखवावी लागावी, आणि आपल्या आठवडी बाजारात गल्ल्यासमोर उभ्या असलेल्याला 'दम्याची बाटली द्या' एवढे म्हणणे पुरावे, ही विसंगती आहे. ती दूर करण्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. विषारी द्रव्य निष्काळजीपणे हाताळून दुसऱ्याच्या जिवास धोका आणणे हा पूर्वीच्या दंडसंहितेत 284 व्या कलमाखाली गुन्हा होता. नव्या भारतीय न्यायसंहितेत ते कलम 286 झाले आहे, एवढे स्मरण पुरे.

सुटी कच्ची बीजे विकणाऱ्या काष्ठौषधी दुकानदारांना आमची विनंती अधिक आग्रहाची आहे. धत्तूरबीज कोणाला हवे असते? वैद्याला आणि उत्पादकाला. या दोघांखेरीज तिसऱ्या कोणी मागितले तर ते देण्यास एकही सयुक्तिक कारण नाही. 2020 च्या एप्रिलमध्ये महासाथीच्या भयाने आंध्रातील चित्तूर जिल्ह्यात काही कुटुंबांनी मोबाइलवरील चित्रफीत पाहून धोत्र्याचा रस प्राशन केला आणि त्यांना रुग्णालयात न्यावे लागले. त्यांना तो रस कोणा वैद्याने दिला नव्हता. तरी 'आयुर्वेदिक उपाय' हे शब्द मात्र सर्वत्र उच्चारले गेले. अपाय कोणाच्याही हातून होवो, बोल आपल्या शास्त्राला लागतो.

दोन आक्षेप

काही ज्येष्ठ वैद्यबंधू म्हणतील, की असे लिहून आपण टीकाकारांच्या हाती कोलीत देत आहोत. आम्हांस तसे वाटत नाही. विषाला विष म्हणण्याचे धैर्य आपल्या ग्रंथकारांत होते. त्यांनी उपविषांची यादी केली, शोधन सांगितले, मात्रा बांधली. लपविण्याची रीत अलीकडची आहे. टीकाकाराला उत्तर द्यावयाचे तर आपल्या वहीने द्यावे.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा. खेड्यात गिऱ्हाईक चिठ्ठी कोठून आणणार, आणि आपण नाही म्हटले तर शेजारचा देईल. हे खरे आहे. परंतु याच कारणाने हे काम एकट्यादुकट्याचे नसून संघटनेचे आहे. एका गावातील सर्व दुकानदारांनी एका दिवशी ठरविले तर शेजारचा उरतच नाही.

काय करता येईल

वैद्यांनी धत्तूरयुक्त प्रत्येक कल्पाची नोंद रुग्णपत्रिकेत वेगळ्या शाईने करावी, मात्रा मापाने द्यावी आणि तोंड फार कोरडे पडणे, अक्षरे धूसर दिसणे, लघवी अडणे यांपैकी काहीही झाल्यास औषध तत्काळ थांबविण्याची सूचना मराठीत लिहून द्यावी. गर्भवती, स्तन्यदा माता आणि लहान बालके यांना हे कल्प शक्यतो टाळावेत.

औषधालयांनी धत्तूरयुक्त औषधे स्वतंत्र कप्प्यात ठेवावीत, चिठ्ठीवाचून देऊ नयेत आणि बाटलीसोबत मापाचे झाकण आहे याची खात्री करावी. कच्चे बीज वैद्य अथवा परवानाधारक उत्पादक यांनाच, नाव व वजन नोंदवून द्यावे.

विषबाधेचा संशय येताच घरगुती उताऱ्यांत वेळ घालवू नये. परंपरेत वांग्याचा रस, कापसाचे फूल, दूध-साखर हे उतारे सांगितले आहेत; त्यांची चिकित्सा करण्यास आम्ही येथे बसलेलो नाही. परंतु भान हरपलेल्या रुग्णाच्या तोंडात काहीही ओतले तर ते श्वासमार्गात जाण्याचा धोका असतो, आणि रुग्णालयात पोटातील विष शोषून घेणारा कोळसा, झटके व प्रक्षोभ शमविणारी औषधे, मूत्रनलिका आणि गरजेनुसार फायसोस्टिग्मीन हा उतारा उपलब्ध होऊ शकतो. आपले काम ओळखणे, लिहिणे आणि पाठविणे हे आहे. पाठविण्यात कमीपणा नाही.

आयुष औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारी राष्ट्रीय यंत्रणा 2018 पासून उभी आहे आणि दिल्लीची अखिल भारतीय आयुर्वेद संस्था तिचे मध्यवर्ती केंद्र आहे. तेथे आपला अनुभव कळविणे म्हणजे स्वतःवर फिर्याद करणे नव्हे. वर सांगितलेली आमची चूक तेव्हा नोंदविण्यास अशी जागा नव्हती, आज आहे.

आणि शेवटी, देवळांशी बोलावे. धोत्रा वाहू नका असे सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही आणि तशी इच्छाही नाही. वाहिलेली फळे सायंकाळी गोळा करून मुलांच्या हाती लागणार नाहीत अशी पुरून टाकावीत, एवढेच पुजाऱ्यांना आणि विश्वस्तांना सांगावे. त्या प्रसंगानंतर आमच्या वस्तीतील महादेवाच्या देवळात आम्ही हे सुचविले. पुजारीबुवांनी आधी आमच्याकडे पाहिले, मग म्हणाले, "शंकरानं विष गळ्यातच ठेवलं, डॉक्टर, खाली उतरू दिलं नाही. आपण ते अंगणात कशाला सांडू द्यायचं?" श्रावणात आता तेथे कोपऱ्यात झाकणाची एक बादली असते.

अलम् अतिविस्तरेण.